हीथ आणि हेदर: मातीपासून छाटणीपर्यंत

ब्रिटनमध्ये घर घेतलं, मागे जराशी बाग मिळाली, की पहिल्याच हिवाळ्यात गार्डन सेंटरच्या दाराशी मांडलेली हीथ-हेदरची जांभळी-गुलाबी फुलांची छोटी रोपं हमखास गाडीत येऊन पडतात. बाहेर सगळी झाडं उघडी पडलेली असताना ही तेवढी फुलांनी भरलेली असतात, त्यामुळे मोह होतोच. दोन-तीन वर्षांनी त्याच जागी मधून बोडकी आणि कडेला चार हिरवे शेंडे धरून बसलेली झुडपं उरतात आणि ‘आमच्याकडे हेदर जगत नाही’ असं ठरून जातं. माझ्या मते बागेत याच्याइतकं कमी मागणारं झुडूप शोधून सापडणार नाही. जात आपल्या मातीला चालणारी हवी, पहिल्या उन्हाळ्यात मुळं सुकता कामा नयेत आणि दर वर्षी वेळेवर कातरी लागली पाहिजे. छाटणीकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात, आणि झुडूप म्हातारं होतं ते बहुतेक वेळा त्यामुळेच.

मी राहते तो भाग चिल्टर्न टेकड्यांचा आहे. फूट-दीड फूट खणलं की पांढरा खडू लागतो आणि चहाच्या किटलीत आठवड्यात थर साचतो. त्यामुळे चुनखडीच्या जमिनीवर हीथ कसं जगवायचं, याबद्दल खाली जरा जास्तच लिहिलं आहे.

आधी माती बघा

या कुळातल्या बहुतेक झुडपांना आम्लधर्मी माती लागते. मातीचा सामू, म्हणजे पीएच, 4.5 ते 6 च्या दरम्यान असला की ती खूश असतात. चुना जास्त असलेल्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना उचलता येईल अशा रूपात ते राहत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते आणि रोप हळूहळू बसतं.

हीथची मुळं केसाइतकी बारीक असतात आणि वरच्या वीतभर मातीतच पसरतात. त्यांच्या आत एका प्रकारची बुरशी वस्तीला असते. नापीक, आंबट मातीत अडकलेलं अन्न ती सोडवून झाडाला देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. स्कॉटलंडच्या माळांवर, जिथे दुसरं फारसं काही तग धरत नाही, तिथे हेदर मैलोन्‌मैल पसरतं ते या भागीदारीच्या जोरावर. म्हणूनच या झुडपांसाठी माती ‘सुधारायला’ जाऊ नका. शेणखत, बोनमील, चुलीतली राख यांपैकी काहीही घालू नका. मशरूमच्या शेतीतून उरलेलं कंपोस्ट स्वस्त मिळतं, पण त्यात खडू असतो, तेही नको.

सामू तपासायचा साधा संच कोणत्याही गार्डन सेंटरमध्ये मिळतो. बागेतल्या दोन-तीन जागांवरून, साधारण 10 सेंटीमीटर खोलीची माती घेऊन तपासा. एकाच बागेत फरक निघतो. घराच्या भिंतीलगत बांधकामाचा चुना-सिमेंट पुरलेला असतो, तिथली माती बाकीच्या बागेपेक्षा जास्त चुनखडीची असू शकते. संच नसेल तर शेजारच्या बागांवरून नजर फिरवा. ऱ्होडोडेंड्रॉन आणि कॅमेलिया कुंडीत नव्हे तर जमिनीत जोमानं वाढलेले दिसले तर माती आम्लधर्मी. साध्या हायड्रेंजियाची फुलं निळी येत असतील तरीही तेच. गुलाबी येत असतील तर चुना आहे असं धरून चाला.

दुसरी अट निचऱ्याची. ओलावा धरणारी माती चालते, चिबड जमीन चालत नाही. वीतभर खड्डा करून पाण्यानं भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच उभं असेल तर तिथे जमिनीच्या वर 20–25 सेंटीमीटर उंचवटा करून लावावं लागेल. ऊन भरपूर हवं. अर्धवट सावलीत झुडूप जगतं, पण विरळ होतं आणि फुलं कमी येतात.

कोणती जात कुठे

बाजारात ‘हेदर’ अशी एकच पाटी असते, पण तिच्याखाली तीन वेगळ्या प्रजाती नांदतात: एरिका (म्हणजे हीथ), कॅलुना (खरं हेदर) आणि डाबोशिया. ती ओळखता आली की निम्मं काम झालं.

चुनखडीच्या जमिनीवर सरळ हिवाळी हीथकडे जा. एरिका कार्निया ही मूळची आल्प्स पर्वतातली, आणि तिथे ती चुनखडीच्या खडकांवरही वाढते, त्यामुळे आपल्या बागेतला थोडाफार चुना तिला बाधत नाही. उंची जेमतेम 15–25 सेंटीमीटर, डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत फुलं. ‘स्प्रिंगवुड व्हाइट’ जमिनीवर सरपटत पसरतं आणि तण दाबून टाकतं, उताराच्या कडेला ते लावावं. गडद रंग हवा तर ‘मायरटन रूबी’. पिवळसर पानांचं ‘फॉक्सहॉलो’ फुलं नसतानाही बघण्यासारखं असतं. तिचाच आयरिश हीथशी, म्हणजे एरिका एरिजेनाशी संकर होऊन एरिका डार्लियेन्सिस तयार झाली. डर्बिशरमधल्या डार्ली डेलच्या नर्सरीवरून तिला हे नाव मिळालं. ही जरा उंच, दोन फुटांपर्यंत जाणारी, दणकट आणि चुना सहन करणारी. पहिल्यांदाच लावत असाल आणि एकच काही घ्यायचं असेल तर मी डोळे मिटून हिचं नाव घेईन. ‘क्रामर्स रोटे’ लाल, ‘सिल्बरश्मेल्त्से’ पांढरं. फेब्रुवारीत थोडं ऊन पडलं की भुंग्यांच्या राण्या पहिल्यांदा यांच्यावरच येऊन बसतात, कारण तेव्हा बागेत त्यांना खायला दुसरं फार काही नसतं.

माती आम्लधर्मी असेल, म्हणजे इंग्लंडमधल्या सरे परगण्याची वाळूची जमीन, न्यू फॉरेस्टचा परिसर, वेल्स किंवा स्कॉटलंडचा बराचसा भाग, तर मग निवडीला अंत नाही. कॅलुना व्हल्गॅरिस हे खरं माळरानावरचं हेदर. या प्रजातीत जात एकच, पण तिचे बागेसाठी निवडलेले वाण शेकड्यांनी. ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलं. ‘फायरफ्लाय’ आणि ‘रॉबर्ट चॅपमन’ यांची पानं उन्हाळ्यात सोनेरी-नारिंगी असतात आणि थंडी वाढली की विटकरी-लाल होतात. हा रंग पूर्ण उन्हातच चढतो. एरिका सिनेरिया जून ते सप्टेंबर फुलते आणि कोरड्या जागी इतरांपेक्षा बरी टिकते. एरिका टेट्रालिक्स उलट ओलसर माळावरची, जिथे बाकीच्यांना ओल जास्त होते तिथे ती लावावी. कॉर्नवॉलच्या लिझार्ड द्वीपकल्पावर वाढणारी एरिका व्हॅगन्स उन्हाळी जातींमध्ये चुन्याच्या बाबतीत सर्वांत समंजस. सामू 7 च्या आसपास असेल तर उन्हाळी फुलांसाठी आधी हिचाच विचार करा.

डाबोशिया तिसरी. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची. फुलं मोठी, फुगीर, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत येत राहणारी, आणि वाळली की आपोआप गळणारी. आम्लधर्मी मातीच हवी.

उंची हवी तर वृक्ष-हीथ आहे, एरिका आर्बोरिया. सहा फुटांवर जाते, वसंतात मधाच्या वासाच्या पांढऱ्या फुलांनी भरते. तिच्या मुळाशी असलेल्या कठीण गाठीपासून तंबाखू ओढायचे ब्रायर पाइप बनवतात. बोचऱ्या वाऱ्यापासून आडोसा द्या आणि जड बर्फ पडलं की फांद्या हलवून मोकळ्या करा, नाहीतर फाटतात.

विकत घेताना

शरद ऋतूत सुपरमार्केटमध्ये मोठ्या संख्येनं येणाऱ्या रोपांत बरीचशी एरिका ग्रॅसिलिस असते. ती दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली. जगातल्या आठशेहून अधिक एरिका जातींपैकी बहुसंख्य तिथल्याच आहेत, आणि त्या इतक्या देखण्या आहेत की युरोपच्या काचघरांत एके काळी त्यांचंच राज्य होतं. एरिका व्हर्टिसिलाटा ही केप टाउनच्या सखल भागातली जात तर जंगलातून पूर्ण नाहीशी झाली होती. बागांमध्ये जपून राहिलेल्या रोपांवरून ती पुन्हा मूळ भागात लावली गेली. पण एरिका ग्रॅसिलिसला आपल्याकडचा कडक हिमतुषार सोसत नाही. कुंडीत दोन-तीन महिने शोभा म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या, फक्त जमिनीत लावून वसंताची वाट बघू नका. लेबलवर जातीचं पूर्ण नाव नसेल तर विचारा, आणि सांगता आलं नाही तर ते रोप तिथेच ठेवा.

निळ्या, नारिंगी, चकचकीत पिवळ्या रंगाची रोपं दिसली तर ती रंग फवारलेली आहेत. हा प्रकार मला अजिबात पटत नाही. जिवंत पानांवर रंगाचा थर चढवून ते रोप मरायलाच विकलं जातं.

कॅलुनाच्या ज्या वाणांच्या कळ्या उमलतच नाहीत त्यांचा रंग थेट डिसेंबरपर्यंत टिकतो. ‘गार्डन गर्ल्स’ नावानं येतात त्या अशाच. शोभा उत्तम, पण कळी बंद असल्यामुळे मधमाशीला त्यांचा काही उपयोग नाही. मधमाशांसाठी लावत असाल तर उमलणारे वाण घ्या.

रोप निवडताना फुलांकडे बघू नका, बुडाकडे बघा. कुंडीच्या तोंडापासून हिरवी पानं असलेलं, चहूबाजूंनी फुटलेलं, आटोपशीर रोप घ्या. फुलांवरून हलकेच तळवा फिरवा. बारीक पानं खळखळ गळून पडली तर ते रोप आतून वाळलेलं आहे, वर फुलं कितीही ताजी दिसोत.

लावणी

सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हा सर्वांत चांगला काळ. जमीन अजून उबदार असते आणि पाऊस आपलं काम करतो. मार्च-एप्रिलमध्येही लावता येतं, मात्र मग उन्हाळाभर पाण्याची जबाबदारी तुमची.

माती वाफशावर असताना खणून भुसभुशीत करा आणि बारमाही तणांची मुळं वेचून काढा. हे काम आत्ताच नीट करा, कारण हीथच्या गर्दीत शिरलेली हरळीसारखी गवतं नंतर काढता येत नाहीत. हलक्या वाळूच्या मातीत पानांचं कुजलेलं खत किंवा कुजवलेली बारीक साल मिसळा. आम्लप्रेमी झाडांसाठी वेगळं मिळणारं पीट-विरहित मिश्रणही चालतं (पीट म्हणजे दलदलीत साचलेला वनस्पतींचा अर्धवट कुजलेला थर). पूर्वी सगळे पोतीच्या पोती पीट ओतायचे. आता ते करायचं कारण उरलेलं नाही. दलदलीतलं पीट तयार व्हायला हजारो वर्षं लागतात, आणि ते खणून काढलं की त्यात साठलेला कार्बन हवेत जातो.

रोप कुंडीसकट बादलीत बुडवा आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवा. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, आतून एकदा कोरडी पडली की वरून घातलेलं पाणी कडेनं वाहून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. त्यामुळे ही पायरी टाळू नका. कुंडी काढल्यावर हुंडीच्या बाहेर तपकिरी मुळांचं दाट जाळं दिसेल. बोटांनी चारही बाजूंनी ते उसकटून सैल करा, खालचा भाग थोडा फाडलात तरी बिघडत नाही. तसंच गोल गुंडाळलेलं ठेवलं तर मुळं बाहेरच्या मातीत शिरत नाहीत, आणि वर्षानंतर उपटून बघितलं तर कुंडीच्या आकाराची हुंडी जशीच्या तशी हातात येते.

खोली महत्त्वाची. बाकीच्या झुडपांपेक्षा हे किंचित खोल लावायचं, इतकं, की सर्वांत खालची पानं मातीला टेकली पाहिजेत. उघडं खोड दिसू देऊ नका. जमिनीला लागलेल्या फांद्यांना आपोआप मुळं फुटतात आणि झुडूप रुंद होतं. हातानं घट्ट दाबा आणि भरपूर पाणी द्या.

दोन रोपांत एरिका कार्निया आणि कॅलुनासाठी 40–45 सेंटीमीटर, डार्लियेन्सिससाठी 60 सेंटीमीटर अंतर ठेवा. एकेक वेगळं रोप लावून खिचडी करू नका. एकाच वाणाची तीन-पाच रोपं शेजारी लावली तरच रंगाचा पट्टा दिसतो. मधल्या मोकळ्या जागेत सालीचा 5 सेंटीमीटर थर अंथरा. पाइनच्या वाळक्या पानांचाही चालतो. दोन-तीन वर्षांत झुडपं एकमेकांना भिडतात आणि मग खुरपणी संपते.

चुनखडीच्या बागेत कॅलुनाचा हट्टच असेल तर गंधकाची पूड घालून माती बदलायच्या नादी लागू नका. गंधकानं सामू उतरतो, पण खालचा खडू विरघळत राहतो आणि सामू पुन्हा चढतो. कुंडी हा सरळ मार्ग.

पाणी

पहिलं वर्ष संपूर्ण लक्ष ठेवा. हीथची पानं सुईसारखी ताठ असतात, ती तहान लागली तरी लोंबत नाहीत. टोमॅटोसारखी सूचना मिळत नाही. तपकिरी रंग दिसेपर्यंत वेळ गेलेली असते आणि वाळलेलं झुडूप पाणी घालून परत येत नाही. पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा, भरपूर, मुळाशी. बोट मातीत घालून बघा, वर कोरडं आणि खाली दोन पेरांवर गार ओलसर लागलं तर ठीक.

लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं नळाचं पाणी चुनायुक्त आहे. छपराच्या पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवा आणि तेच वापरा. पिंप रिकामं पडलं आणि उन्हाळा कडक असेल तर नळाचं द्या, तहानेनं मरण्यापेक्षा ते बरं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झुडपांना फक्त लांबलेल्या कोरड्यात पाणी लागतं. खत जमिनीत जवळजवळ लागतच नाही.

छाटणी

माळावर हेदर तरुण राहतं ते कुणीतरी ते सतत छाटत असतं म्हणून. उत्तर जर्मनीच्या ल्युनेबुर्ग हीथवर हाइडश्नुके जातीच्या करड्या मेंढ्यांचे कळप चरतात. स्कॉटलंडमध्ये माळाचे पट्टे आळीपाळीनं जाळतात आणि राखेतून नवे धुमारे येतात. जिथे यातलं काहीच होत नाही, तिथे जुनं झुडूप मधून फाकतं, फांद्या आडव्या पडतात आणि मधे मॉस भरतं. बागेत मेंढीचं काम आपल्याला करायचं आहे.

कधी छाटायचं ते फुलांच्या वेळेवरून ठरतं. कॅलुना, सिनेरिया, व्हॅगन्स, टेट्रालिक्स आणि डाबोशिया या उन्हाळ्यात-शरदात फुलणाऱ्यांना मार्चच्या शेवटी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत छाटा. थंडीभर वाळकी फुलं राहू द्या, ती शेंड्यांना आडोसा देतात आणि गंजाच्या रंगाची छान दिसतात. हिवाळी हीथला मात्र फुलं ओसरली की लगेच, एप्रिल-मे मध्ये कातरी लावा. त्यांच्या पुढच्या हिवाळ्याच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, त्यामुळे जुलैनंतर छाटलंत तर पुढचा हंगाम स्वतःच्या हातानं कापून टाकाल.

कुठे छाटायचं, हे हातात फांदी धरून बघा. कॅलुनाच्या एका काडीवर वरून खाली या. वर वाळक्या तपकिरी फुलांचा तुरा. त्याच्या खाली खवल्यांसारख्या बारीक हिरव्या पानांचा भाग, बोटभर किंवा थोडा जास्त. त्याखाली पानं नसलेलं, राखाडी सालीचं जून लाकूड. कातरी तुऱ्याच्या लगेच खाली, हिरव्या भागात चालली पाहिजे. जून लाकडात गेलात तर बहुतेकदा तिथून फुटवा येत नाही, ती फांदी संपली. म्हणून छाटणी दर वर्षी हवी. एक वर्ष चुकलं की हिरवा भाग आणखी वर सरकतो, आणि मग आकार परत आणायला जागाच उरत नाही.

दोन हातांनी चालवायची कुंपणाची कातरी घ्या, पाती धारदार हवीत. सपाट कापून टेबल करू नका. कडेनं थोडं खाली, मधे थोडं वर असं गोलाई ठेवत जा. कापून झाल्यावर झुडूप झटका, आत अडकलेला कचरा बोटांनी काढा, तो ओला राहिला की बुरशी धरते. त्या दिवशी रोप थोडं भकास दिसेल. मे महिन्यात त्यावर क्रीम, पिवळे, गुलाबी कोवळे शेंडे येतात, आणि ‘स्प्रिंग क्रीम’सारखे वाण लोक या शेंड्यांसाठीच लावतात.

एरिका कार्नियाचं पसरणं आवडत असेल तर तिला दर वर्षी छाटायची सक्ती नाही. कडा रस्त्यावर आल्या तर तेवढ्या कापा. वृक्ष-हीथच्या कोवळ्या रोपांचे शेंडे फुलांनंतर पहिली दोन-तीन वर्षं खुडा म्हणजे ती भरदार होतात. ती जून लाकडातूनही फुटते, त्यामुळे मोठी झाल्यावर जोरात कापली तरी चालते.

कुंडीत

तळाला भरपूर भोकं असलेली, निदान 25–30 सेंटीमीटर रुंद कुंडी. आम्लप्रेमी झाडांचं पीट-विरहित मिश्रण आणि त्यात पाचवा हिस्सा बारीक साल किंवा खडी, खडी चुनाविरहित आहे ना ते पिशवीवर बघून घ्या. फक्त पागोळ्यांचं पाणी. वसंतात आम्लप्रेमी झाडांचं हळू विरघळणारं खत अगदी थोडं, पिशवीवर लिहिलेल्याच्या निम्मं. याच मिश्रणात ब्लूबेरीही आनंदानं वाढते, एका मोठ्या टबात मधे ब्लूबेरी आणि कडेनं कॅलुना ही जोडी बाल्कनीत फार चांगली जमते. दर दोन-तीन वर्षांनी मिश्रण बदला.

कुंडीतलं रोप अचानक सैल झालं आणि हलकं ओढताच वर आलं तर मातीत पांढऱ्या, वाकड्या, बिनपायांच्या अळ्या शोधा. त्या व्हाइन वीव्हिलच्या, मुळं खातात. पाण्यात मिसळून घालायच्या सूक्ष्म सूत्रकृमींचा उपाय ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लागू पडतो.

मर आणि मूळकूज

जमिनीतलं झुडूप आधी एका बाजूनं तपकिरी होऊ लागलं आणि माती ओलीच असेल तर मूळकूज समजा. फायटोप्थोरा नावाचा रोगकारक मुळं कुजवतो, आणि घरगुती बागेत त्यावर औषध नाही. झुडूप आजूबाजूच्या मातीसकट काढा, ते कंपोस्टच्या ढिगात टाकू नका आणि त्या जागी पुन्हा हीथ कुळातलं काही लावू नका. खरा उपाय निचऱ्याचा, तो लावणीच्या वेळीच करायचा असतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

पुण्या-नाशिकच्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या पावसात यातलं काहीच तगणार नाही. बियाणं किंवा रोपं मागवण्यात पैसे घालू नका. तिकडच्या नर्सरीत ‘हेदर’ म्हणून मिळतं ते बहुधा क्यूफिया असतं. ते वेगळ्याच कुळातलं, मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं, पण बारीक पानं आणि जांभळी फुलं तशीच, आणि ते तिकडच्या हवेत वर्षभर फुलतं. हीथचा भास हवा असेल तर तेच लावा.

नवी रोपं तयार करायची तर

सोपा मार्ग दाब कलमाचा. बाहेरच्या कडेची लांब फांदी वसंतात मातीत वाकवा, टेकते तिथे थोडी पुरा, वर दगड ठेवा आणि टोक वर राहू द्या. वर्षभरात मुळं धरतात, मग मूळ झुडपापासून तोडून हलवा.

मधून बोडकं झालेलं जुनं झुडूपही वाया जात नाही. ते हुंडीसकट उकरा, खड्डा खोल करा आणि फांद्या पसरून असं पुरा, की फक्त हिरवे शेंडे वर दिसतील. फांद्यांच्या मधे वाळू मिसळलेली माती नीट दाबून भरा. पुढच्या वर्षी उकराल तेव्हा एकेका फांदीला स्वतःची मुळं आलेली असतील.

जास्त रोपं हवी असतील तर ऑगस्टमध्ये छाट कलम. त्या वर्षीचे, फुलं नसलेले, 3 ते 5 सेंटीमीटरचे शेंडे खुडा. खालच्या तिसऱ्या भागाची पानं बोटांनी वर सरकवून काढा. आम्लप्रेमी मिश्रण आणि पर्लाइट (हलके पांढरे खनिज-दाणे) निम्मं-निम्मं भरलेल्या ट्रेमध्ये एकेक सेंटीमीटर खोचा, वर पारदर्शक झाकण घाला आणि उन्हात न ठेवता उजेडात ठेवा. दोन-अडीच महिन्यांत मुळं येतात. हिवाळा थंड काचघरात किंवा आडोशाला काढू द्या, वसंतात एकेक रोप 9 सेंटीमीटरच्या कुंडीत हलवा आणि लगेच शेंडा खुडा. शरदापर्यंत ती जमिनीत लावण्याजोगी होतात.